दम लवकर वाढतो, पायांना वेळ लागतो

प्रश्न : माझं वय ४७. राहायला मुलुंडला, ऑफिस फोर्टात, दिवसभर खुर्चीवर. वर्षभरापूर्वी सोसायटीतल्या ग्रुपबरोबर पळायला लागलो, आता रविवारी १२ किलोमीटर होतात. तीन आठवड्यांपूर्वी टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळताना चोरटी धाव घेतली आणि पोटरीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. आता चालताना दुखत नाही. अजून चार महिन्यांनी, जानेवारीत, हाफ मॅरेथॉन आहे. घरचे म्हणतात, वय झालं, चालणं पुरे. मित्र म्हणतात, पट्टा बांध आणि पळ. कोणाचं ऐकू? पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं? एमआरआय काढू का? माझी बायको ४५ वर्षांची आहे, झुंबाला जाते. तिचा डावा खांदा धरलाय. तिने झुंबा बंद करावा का?

उत्तर : दोघांचंही ऐकू नका. नुसतं चालत राहिलात तर पोटरी अशक्तच राहील. पट्टा बांधून पळालात तर त्याच जागी पुन्हा फाटण्याची भीती आहे, आणि दुसऱ्या वेळचं दुखणं सहसा जास्त लांबतं. पोटरीची दुखापत उलटण्यात पटाईत असते. माझ्या दादरच्या दवाखान्यात पोटरी धरून येणाऱ्यांपैकी बरेच जण ‘मागच्या वर्षी पण झालं होतं, आपोआप बरं झालं’ असंच सांगतात.

तुमचं वर्णन अगदी ठरावीक आहे. चाळिशी-पन्नाशीतला माणूस, एकदम घेतलेली धाव आणि मागून कोणीतरी चेंडू मारल्याचा भास. काही जण तर वळून बघतात, मारलं कोणी म्हणून. पोटरीतला वरचा मोठा स्नायू आतल्या बाजूने टेंडनला, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला, जिथे मिळतो, तिथे तो थोडा फाटतो. दोन-तीन आठवड्यांत चालणं सुरळीत झालं की माणूस समजतो, झालं बरं. पण चालायला पोटरीची फारशी ताकद लागतच नाही. पळताना मात्र पोटरीतल्या खोलवरच्या स्नायूवर दर पावलाला शरीराच्या वजनाच्या सहा-सात पट भार येतो. त्यामुळे चालताना दुखत नाही यावरून पळायला तयार आहात की नाही, ते काही कळत नाही.

आधी एक खात्री करून घ्या. पलंगावर पालथं झोपा, पावलं कडेबाहेर लोंबू द्या आणि घरातल्या कोणाला तरी पोटरीचा फुगीर भाग हाताने दाबायला सांगा. पाऊल आपोआप खालच्या बाजूला हललं पाहिजे. दुसऱ्या पायाशी ताडून बघा. हललं नाही, किंवा टाचेच्या दोन-तीन बोटं वर खळगा हाताला लागला, तर टाचेवरची जाड शीर, म्हणजे अकिलिस टेंडन, तुटलेली असू शकते. मग उत्तर वाचत बसू नका, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ही शीर तुटूनही माणसं लंगडत का होईना चालतात, घरी तेल लावत बसतात आणि उपचाराचे महत्त्वाचे आठवडे हातचे जातात. पोटरी सुजलेली, गरम, घट्ट वाटत असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, तर रक्ताची गुठळी नाही ना हे डॉक्टरांना बघू द्या. अशा पोटरीला मालीश करायची नाही.

हे दोन्ही नाही असं धरून पुढे सांगतो.

चाळिशीनंतर व्यायाम सुरू करणाऱ्यांच्या बहुतेक दुखापतींचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं. दम काही आठवड्यांत वाढतो. पहिल्या महिन्यात सोसायटीला दोन फेऱ्या मारताना धाप लागत होती, तिसऱ्या महिन्यात गप्पा मारत पाच किलोमीटर होतात. हृदय, फुप्फुसं, रक्ताभिसरण हे सगळं पटकन सुधारतं. स्नायूंना त्याहून वेळ लागतो. टेंडन आणि हाडं मात्र महिन्यांच्या हिशोबाने बदलतात, आणि वय वाढतं तसा हा हिशोब आणखी लांबतो. त्यात तिशीनंतर, व्यायाम नसेल तर, दर दहा वर्षांत स्नायूंचं वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्के कमी होत जातं. म्हणजे छाती म्हणते ‘चल’, आणि पाय अजून तयार नसतात. दमावर विसंबून अंतर वाढवणारा माणूस तिसऱ्या ते आठव्या महिन्याच्या दरम्यान कुठेतरी अडकतो : टाच, गुडघा, नडगी, पोटरी, जिथे कच्चं असेल तिथे.

तुम्ही पळताना अडकला नाहीत, क्रिकेट खेळताना अडकलात, हे मात्र नीट बघण्यासारखं आहे. रविवारचे १२ किलोमीटर एका संथ लयीत होतात. पोटरीला त्याची सवय झाली. चोरट्या धावेची सवय तिला कोणी लावली? बॉक्स क्रिकेटची रात्र आठवा. दहाचा स्लॉट, तुम्ही ऑफिसातून थेट आलेले, गाडीत उभे राहून पाय आधीच जड. टॉस झाला, आपली बॅटिंग, तुमचा नंबर पाचवा. अर्धा तास जाळीबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून आरडाओरडा. मग हेल्मेट नाही, पॅड नाही, थेट आत, आणि पहिल्याच चेंडूवर समोरचा ‘ये ये ये’ ओरडतो. गार पडलेला स्नायू, टर्फला चिकटणारे बूट आणि शून्यातून एकदम पूर्ण वेग. पोटरी फाटायला आणखी काय हवं?

टर्फ सोडा असं मी सांगणार नाही. रात्री मित्रांबरोबर दोन तास खिदळणं औषधापेक्षा कमी नाही. पण नंबर यायच्या आधीची पाच मिनिटं उभं राहायचं. जागच्या जागी गुडघे उचलत हलकं धावा, टाचा उचला, दोन पावलं पुढे-दोन पावलं मागे उड्या मारा, मग जाळीच्या कडेने तीन-चार छोट्या धावा, पहिली अर्ध्या वेगाने, शेवटची जवळजवळ पूर्ण. लोक हसतील. हसू द्या. एका जागी उभं राहून पाय ताणून धरण्याचा, म्हणजे स्ट्रेचिंगचा, दुखापत टाळायला खेळाआधी फारसा उपयोग दिसलेला नाही. अंग गरम होईल आणि खेळातल्याच हालचाली हलक्या स्वरूपात होतील असं काहीतरी करणं उपयोगी. बॅडमिंटनवाल्यांनाही हेच लागू. तिथे मागे जाऊन स्मॅश मारून एकदम पुढे झेपावताना अकिलिस तुटते, आणि सोसायट्यांची कोर्टं पोडियमवर नुसत्या काँक्रीटवर आखलेली असतात.

आता पोटरीचं काम. हा या उत्तरातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. ओट्याला किंवा भिंतीला हात टेकून दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभं राहायचं. दोन मोजत वर, तीन मोजत खाली. १५ चे तीन हप्ते, म्हणजे सेट. न दुखता सहज झाले की एका पायावर. ते जमलं की जिन्याच्या पायरीच्या कडेला चवडा ठेवून टाच पायरीखाली जाऊ द्यायची. तेही जमलं की पाठीवर सॅक घालायची, आधी तांदळाची दोन किलोची पिशवी, मग चार, मग सहा. निम्मे हप्ते गुडघा सरळ ठेवून, निम्मे किंचित वाकवून, कारण वरचा स्नायू सरळ गुडघ्यात काम करतो आणि खोलवरचा वाकलेल्या. वजन घ्यायला लागलात की एक दिवसाआड करा, रोज नको. मापदंड साधा आहे : एका पायावर, टाच पूर्ण उंच, २५ वेळा, आणि दुखऱ्या पायाची संख्या व उंची चांगल्या पायाइतकी. माझ्याकडे येणारे पन्नाशीचे धावपटू पहिल्या दिवशी दहा-बारावर थरथरायला लागतात, मग त्यांनी पदकं कितीही गोळा केलेली असोत. ग्रुपमध्ये सकाळी उठल्यावर टाचेमागे आखडतं असं सांगणारं कोणी ना कोणी असेलच. त्यांनाही हाच प्रकार लागतो. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली अकिलिसच्या जुन्या दुखण्यासाठी तो रुळवला : पायरीवरून सावकाश खाली, १५ चे तीन हप्ते, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. बारा आठवडे म्हटलं की लोक माझ्याकडे असं बघतात जसं काही मी फी वाढवली.

दुखणं किती चालेल, हाही प्रश्न नेहमीचा. शून्य ते दहात तीनपर्यंतची कळ व्यायामात चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरल्यावरची पहिली दहा पावलं आदल्या दिवसापेक्षा वाईट असता कामा नयेत. वाईट झाली तर भार जास्त झाला, एक पायरी मागे या. घड्याळातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मी या दहा पावलांवर जास्त विश्वास ठेवतो.

पळणं कधी? अर्धा तास भरभर चालणं निर्धास्त झालं, एका पायावर २०-२५ चवडे झाले आणि त्याच पायावर दहा-पंधरा लहान उड्या न दुखता झाल्या, की सुरू करा. आधी एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, एकूण वीस मिनिटं, एक दिवसाआड. हळूहळू पळण्याची मिनिटं वाढवा. सलग अर्धा तास जमल्यावर दोन-तीन आठवडे गेले की वेग. आणि वेग अंगवळणी पडला की मगच टर्फ. लोकांचा क्रम नेमका उलटा असतो : पळायला भीती वाटते म्हणून आधी ‘हलकं’ क्रिकेट.

जानेवारीचं बोलू. मुंबई मॅरेथॉन तिसऱ्या रविवारी असते. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत वरचा मापदंड गाठलात तर हाफ अगदी अशक्य नाही, थोडं पळत-थोडं चालत. गाठला नाहीत तर दहा किलोमीटर धावा, नोंदणी उरली नसेल तर या वर्षी रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवा. पैसे भरलेत म्हणून २१ किलोमीटर धावणं हा दुखापतीचा हमखास रस्ता आहे. तयारी करताना दर आठवड्याला १० टक्के वाढ हा नियम सगळे सांगतात. तो वाईट नाही, पण त्यात जादूही नाही. मी त्यापेक्षा एका गोष्टीवर डोळा ठेवायला सांगतो : गेल्या महिनाभरात एका दमात सर्वांत जास्त किती पळलात, त्याच्या फार पुढे एका दिवसात जाऊ नका. आठवडाभर सुट्टी झाली, मग रविवारी ग्रुपबरोबर ८ वरून थेट १५, असंच बहुतेकांचं बिनसतं. पेडर रोडच्या चढाची सगळ्यांना धास्ती असते. चढाने दम जातो एवढंच. मांड्या आणि गुडघे घायाळ होतात ते उतारावर, कारण तिथे स्नायूला लांबत लांबत ब्रेक मारावा लागतो. तोच हिशोब कळसूबाईचा. १६४६ मीटर चढून आल्याचा फोटो सगळे टाकतात. दुसऱ्या दिवशी स्टेशनचा जिना उलटं उतरावा लागला, हे कोणी टाकत नाही. ट्रेकला जायचं असेल तर आधी महिना-दीड महिना इमारतीचे जिने उतरायची सवय करा, चढायला लिफ्ट घेतलीत तरी चालेल.

आठवड्याची आखणी मुलुंड-फोर्ट प्रवास धरूनच करावी लागते. तीन दिवस पळणं, दोन दिवस ताकदीचा व्यायाम, बस्स. ताकदीचे ते दोन दिवस मुंबईकर पहिले उडवतो. पोटरी, मांड्या, नितंब, पाठ. बैठका, खुर्चीवर एका पायाने उठ-बस, पाठीवर झोपून कंबर उचलणं. अर्धा तास पुरतो, जिमची गरज नाही. रात्री साडेबाराला झोपून पावणेपाचचा गजर लावत असाल तर मात्र त्या दिवशी पळू नका, झोपा. झोपेत भरून निघायचं ते दुसरं काही केल्याने भरून निघत नाही. एक विनंती रथसप्तमीवाल्यांना : वर्षभर चार सूर्यनमस्कार आणि त्या दिवशी १०८, हा पराक्रम करू नका. नंतरच्या आठवड्यात खांदे, मनगटं आणि कमरा घेऊन लोक रांगेत असतात. १०८ घालायचेच असतील तर दिवाळीपासून वाढवत या.

पळायची जागा कोणती, यावर ग्रुपमध्ये वाद होतात तेवढं त्यात तथ्य नाही. मरीन ड्राइव्हचं काँक्रीट असो की तुमचा सर्व्हिस रोड, सवयीने चालतं. एकदम बदल नको, आणि कडेला उतार असलेल्या रस्त्यावर रोज एकाच बाजूने धावू नका. बूट पायाला आरामदायी वाटतील ते. पावसाळ्यात शेवाळलेले पेव्हर ब्लॉक मात्र टाळा. पाऊल मुरगळलं, चार पावलंही टाकता येत नाहीत किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखतंय, तर एक्स-रे काढा.

गोळ्यांबद्दल. पळायच्या आधी पेनकिलर घेऊन निघणारे मला दर जानेवारीत भेटतात. घामाने पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडाला जड जातात, आणि दुखणं सांगणारी घंटा बंद होते ते वेगळंच. दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते : जुलाब झाले की आपल्याकडे केमिस्टकडून सिप्रोफ्लॉक्सॅसिन घ्यायची सवय आहे. या गटातल्या अँटिबायोटिकांनी, म्हणजे लेव्होफ्लॉक्सॅसिन, ओफ्लॉक्सॅसिन यांनीसुद्धा, टेंडनला, विशेषतः अकिलिसला, इजा होऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. साठीपुढे किंवा स्टेरॉइड चालू असेल तर धोका आणखी वाढतो. डॉक्टरांनी दिली असेल तर घ्याच, पण आपण पळतो हे त्यांना सांगा, आणि टाचेमागे दुखायला लागलं तर पळणं थांबवून लगेच त्यांना कळवा.

बर्फ पहिले एक-दोन दिवस कळ कमी करायला लावा, त्याहून जास्त अपेक्षा नको. ‘आराम, बर्फ, पट्टा, पाय उंच’ हे सूत्र १९७८ साली रूढ करणारे डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे लिहिलं की बर्फाने आणि पूर्ण आरामाने भरून यायला उशीर होऊ शकतो.

एमआरआय काढायची आत्ता गरज नाही. तपासणीत सगळं कळतं, आणि चाळिशीनंतर एमआरआय काढला की काहीतरी सापडतंच. गुडघ्याच्या गादीची चीर न दुखणाऱ्या गुडघ्यातही भरपूर दिसते. फिनलंडमध्ये २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झिजेने आलेली अशी चीर असलेल्यांपैकी काहींचं दुर्बिणीतून खरं ऑपरेशन केलं, काहींचं लटकंच, आणि वर्षभराने दोन्ही गट सारखेच होते. रिपोर्टातल्या एका ओळीवरून पळणं सोडून दिलेली माणसं मला फार दिसतात. गुडघा अडकून सरळच होत नसेल, किंवा भार घेतला की सटकत असेल, तर गोष्ट वेगळी.

पाय राहू द्या, छातीचं आधी. दोन हजार पावलांवर छातीत जडपणा, जबड्यात किंवा डाव्या हातात ओढ, नेहमीच्या चढाला नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर : यातलं काहीही असेल तर पळणं त्या क्षणी बंद आणि डॉक्टर. ‘गॅस असेल’ म्हणून कोपऱ्यावर सोडा पिऊ नका. आपल्या लोकांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघून घ्या. घरात कोणाला कमी वयात झटका आला असेल किंवा तुम्ही सिगारेट ओढत असाल तर हाफची तयारी करण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना भेटा. आणि अंगात ताप असताना, कितीही थोडा असो, पळायचं नाही.

आता वहिनींचा खांदा. ४० ते ६० या वयात, बायकांमध्ये जास्त, आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये तर फारच जास्त दिसणारं हे दुखणं : हात मागे नेऊन हुक लावता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. दुसऱ्याने उचलला तरीही हात वर जात नसेल तर खांदा गोठलाय असं समजा. हे दुखणं महिनोन् महिने, कधी दोन वर्षंही चालतं, आणि बहुतेकांचं बरंचसं सुटतं. कळ फार असलेल्या सुरुवातीच्या काळात हाडांचे डॉक्टर एखादं इंजेक्शन देतात, त्याने आराम पडतो. या काळात कोणाकडून हात जोराने ओढून घ्यायचा नाही, मग तो ओढणारा कितीही नावाजलेला असो. झुंबा बंद करायचं कारण नाही. पाय चालू ठेवावेत, डावा हात जाईल तिथपर्यंतच न्यावा, शिकवणाऱ्या बाईंना तसं सांगून ठेवावं. पाळी जायच्या आसपास हाडं आणि स्नायू दोन्ही झपाट्याने उतरतात, त्यामुळे झुंब्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा वजनाचा व्यायाम त्यांनीही सुरू करावा, खांदा बाजूला ठेवून पायांपासून. मात्र त्याआधी त्यांची शुगर आणि थायरॉइड तपासून घ्या. रिकाम्या पोटी जायचंच आहे तर एका सकाळी दोघंही जा, तुमचीही शुगर होऊन जाईल.